अंतर नकाशावरचं आणि पायाखालचं

आपल्या देशात अंतर कसं मोजायचं, हे कायद्यानं सव्वाशे वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलं आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमधलं अकरावं कलम अगदी छोटं आहे. केंद्राच्या कायद्यात कुठे अंतराचा उल्लेख आला आणि वेगळा हेतू दिसत नसला, तर ते आडव्या सपाट प्रतलावर, सरळ रेषेत मोजायचं, असं ते सांगतं. दहावीच्या मुलांना हे ओळखीचं वाटायला हवं, कारण त्यांच्या भूमितीच्या पुस्तकातलं पाचवं प्रकरण, ‘निर्देशक भूमिती’, नेमकं याच मोजणीचं सूत्र देतं. दोन बिंदूंचे निर्देशक द्या, त्यांच्यातलं अंतर घ्या.

सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यात, एका माध्यमिक शाळेत मी गणित शिकवते. माझ्या वर्गातली बरीच मुलं वाड्यावस्त्यांवरून येतात. कुणी ओढा ओलांडून, कुणी डोंगराच्या सोंडेवरून उतरून, कुणी लाँचने. हे सूत्र मला मनापासून आवडतं आणि ते मी दरवर्षी उत्साहानं शिकवते. तरीही माझं स्पष्ट मत झालं आहे, की हे सूत्र कुठे चालतं आणि कुठे चालत नाही, हे आपण वर्गात सांगत नाही आणि सरकारी कागद लिहिणारेही तो प्रश्न स्वतःला विचारत नाहीत. त्याची किंमत डोंगरातली पोरं रोज पायांनी चुकवतात.

आधी सूत्राबद्दल. मुलं ते मंत्रासारखं म्हणतात: एक्स टू मायनस एक्स वन होल स्क्वेअर, प्लस वाय टू मायनस वाय वन होल स्क्वेअर, आणि सगळ्यावर वर्गमूळ. परीक्षेत दोन बिंदू येतात, मुलं किमती टाकतात, वजाच्या वजाशी थोडी झटापट होते आणि उत्तर येतं. पण या ओळीत नवं असं काहीच नाही. पहिल्या बिंदूतून आडवी रेघ काढा, दुसऱ्यातून उभी. दोन्ही मिळतात तिथे काटकोन तयार होतो. आडव्या रेघेची लांबी म्हणजे एक्सांमधला फरक, उभीची लांबी म्हणजे वायांमधला फरक, आणि आपल्याला हवं असलेलं अंतर म्हणजे त्या त्रिकोणाचा कर्ण. म्हणजे पाचवं प्रकरण हे दुसऱ्या प्रकरणातलं पायथागोरसचं प्रमेयच आहे, फक्त आलेख कागदावर मांडलेलं. ज्या मुलाला हा त्रिकोण दिसला त्याला सूत्र पाठ करावं लागत नाही. विसरलं तरी तो ते पुन्हा उभं करतो.

हा त्रिकोण आपल्या मातीत फार जुना आहे. बौधायनाच्या शुल्बसूत्रात आयताच्या कर्णावरचा चौरस दोन बाजूंवरच्या चौरसांएवढा असतो हे सांगितलेलं आहे. आणि भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या ‘लीलावती’त तर एक उदाहरण असं आहे, की ते दहावीच्या प्रत्येक वर्गात या प्रकरणाच्या पहिल्याच तासाला घ्यावं. शंभर हात उंच झाडावर दोन वानरं बसली आहेत. झाडापासून दोनशे हातांवर पाणी आहे. एक वानर झाड उतरून, जमिनीवरून चालत पाण्याशी जातं. दुसरं झाडाच्या शेंड्यावरून आणखी थोडं वर उसळी घेतं आणि तिथून तिरकी झेप घेऊन थेट पाण्याशी पोहोचतं. दोघांनी कापलेलं अंतर सारखंच आहे. तर उसळी किती हातांची?

उत्तर आहे पन्नास. पहिलं वानर शंभर उतरलं आणि दोनशे चाललं, एकूण तीनशे. दुसरं पन्नास वर गेलं, आता त्याची उंची दीडशे. दीडशेचा वर्ग साडेबावीस हजार, दोनशेचा चाळीस हजार, बेरीज साडेबासष्ट हजार, वर्गमूळ अडीचशे. पन्नास अधिक अडीचशे, तीनशे. मुलांना हे फार आवडतं. मला त्यात आवडते ती वेगळी गोष्ट. एकाच झाडापासून एकाच पाण्यापर्यंत जायचं असलं तरी उतरून चालणाऱ्याचा मार्ग वेगळा आणि झेप घेणाऱ्याचा वेगळा, हे या उदाहरणाचं बीजच आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला ज्यांच्या नातवानं त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि तसा शिलालेख कोरवला, त्या भास्कराचार्यांचं गणित दोन्ही मार्ग शेजारी ठेवून विचार करायला लावतं. आपलं आजचं प्रकरण मात्र फक्त झेप शिकवतं.

आणि मुलं झेप घेत नाहीत. ती चालतात.

हा फरक किती मोठा असतो ते आकड्यांत बघू. शाळा आरंभबिंदूवर ठेवा. घर तिथून दोन किलोमीटर पूर्वेला आणि दोन किलोमीटर उत्तरेला आहे असं धरा. सूत्रानं अंतर आठचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे २.८३ किलोमीटर. शिक्षण हक्क कायद्याखाली सहावी ते आठवीच्या शाळेसाठी ठरलेली मर्यादा तीन किलोमीटरची. घर मर्यादेत बसलं. आता समजा रस्ते फक्त पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर आहेत, कोल्हापूरच्या राजारामपुरीत किंवा शाहू महाराजांनी आखून वसवलेल्या जयसिंगपुरात काटकोनात आखलेल्या गल्ल्या आहेत तसे. मग चालायचं अंतर चार किलोमीटर. तेच घर मर्यादेबाहेर गेलं. घर हललं नाही, शाळा हलली नाही, हलली ती मोजणी.

एका घराचा हा प्रश्न नाही. सरळ रेषेत तीन किलोमीटरच्या आत येणाऱ्या सगळ्या बिंदूंचं वर्तुळ बनतं. त्याचं क्षेत्रफळ सुमारे २८.३ चौरस किलोमीटर. काटकोनी रस्त्यांनी तीन किलोमीटरच्या आत येणाऱ्या बिंदूंचा मात्र तिरका उभा चौरस बनतो, त्याचं क्षेत्रफळ १८. म्हणजे वर्तुळातली एक तृतीयांशाहून जास्त जमीन अशी, की जिथलं मूल कागदावर मर्यादेत आहे आणि पायांनी मर्यादेबाहेर. ही गोष्ट सपाट, नीट आखलेल्या गावातली. तिथे निदान एक दिलासा असतो: काटकोनी रस्त्यानं चालायचं अंतर सरळ अंतराच्या दोनच्या वर्गमूळापट, म्हणजे साधारण १.४१ पटीपेक्षा जास्त होऊच शकत नाही. डोंगरात अशी कुठलीही मर्यादा नाही. मध्ये घळ आली की दोन ठिपके समोरासमोर दिसतात, हाक मारली तर ऐकू येते, आणि वाट मात्र खिंडीला वळसा घालून जाते.

वर्गात मी आमच्या खोऱ्याच्या नकाशावर आलेख कागदासारख्या चौकटी आखून घेते. शाळा शून्य-शून्य. प्रत्येक मुलानं आपल्या वाडीचे निर्देशक वाचायचे आणि सूत्रानं अंतर काढायचं. पलीकडच्या वस्तीवरून येणाऱ्या एका मुलीनं एकदा गणित बरोबर सोडवलं, उत्तराकडे बघत राहिली आणि म्हणाली, “मॅडम, ह्यात ओढा कुठं हाय?” तिचा प्रश्न गणिताचाच होता. पावसाळ्यात साकव वाहून गेला की तिची वाट किती लांबते हे तिला पक्कं ठाऊक होतं. सूत्राला ते ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. त्याला फक्त चार संख्या दिल्या होत्या.

याच तालुक्यातल्या खिरखंडी गावच्या मुली कोयनेच्या शिवसागर जलाशयात स्वतः होडी वल्हवत पलीकडे जात आणि पुढे जंगलातून चालत शाळा गाठत. २०२२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं बातम्या वाचून स्वतःहून त्याची दखल घेतली, तेव्हा राज्यभर चर्चा झाली. धरणाच्या पाण्याच्या दोन काठांवरच्या दोन ठिपक्यांमधलं अंतर सूत्रानं काढता येतं. त्यात वारा येत नाही, धुकं येत नाही, होडी येत नाही.

डोंगरात आणखी एक गोष्ट हरवते, ती उंची. कलम अकरा आडव्या प्रतलावर मोजायला सांगतं. शाळा वाडीपासून आडवी एक किलोमीटर आणि खाली तीनशे मीटर असेल, तर उंची धरूनही सरळ अंतर सुमारे १,०४४ मीटरच भरतं. जेमतेम ४४ मीटर वाढले. म्हणजे उंचीचा त्रास लांबीत दिसतच नाही, तो वेळेत आणि दमात दिसतो. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक साधा ठोकताळा दिला, जो डोंगर चढणारे आजही वापरतात: साधारण पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. या हिशेबानं ती एक किलोमीटरची वाट सपाटीवर बारा मिनिटांची; परतीच्या चढाची म्हणून आणखी अर्धा तास, एकूण बेचाळीस मिनिटं. हा ठोकताळा धडधाकट मोठ्या माणसासाठी आहे. दप्तर घेतलेल्या आठ वर्षांच्या पोरासाठी नाही.

सूत्राचा एक गुण मी नेहमी कौतुकानं सांगते. पहिल्यातून दुसरा वजा करा किंवा दुसऱ्यातून पहिला, वर्ग केल्यावर चिन्ह जातं आणि उत्तर तेच राहतं. माझ्या घरापासून तुझं घर जितकं लांब, तितकंच तुझ्यापासून माझं. प्रतलावर हे सदैव खरं. सोंडेवरच्या धनगरवाड्यातून येणाऱ्या मुलासाठी सकाळचा उतार आणि संध्याकाळचा चढ सारखा नसतो. भुकेल्या पोटी तो चढ चढायचा म्हणून पाचवीनंतर शाळा सोडणारी मुलं असतात, आणि त्यात मुली आधी असतात. गणित शिकवणाऱ्या माणसानं हेही मुलांपुढे ठेवायला हवं, कारण नियम कुठे लागू पडतो ते कळणं हे नियम कळण्याचाच भाग आहे.

याचा अर्थ सरळ रेषा टाकून द्या, असं मी म्हणत नाही. तिचा मोठा गुण असा, की तिच्यात हात घालता येत नाही. कुणीही नकाशावर पट्टी ठेवून ती तपासू शकतो. २०१६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. तेव्हा केरळात उत्तर परवूरच्या एका बारनं आपल्याच आवारात वळणावळणाची, चक्रव्यूहासारखी वाट बांधली आणि चालायचं अंतर पाचशे मीटरच्या पलीकडे नेलं. देशभर त्याच्या बातम्या झाल्या. चालायचं अंतर असं ओढून ताणून वाढवता येतं. तिथे सरळ रेषाच न्याय देते.

अभयारण्याचंही तसंच. २०२२ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं संरक्षित जंगलांभोवती किमान एक किलोमीटरचा संवेदनशील पट्टा सांगितला आणि पुढच्या वर्षी तो सरसकट नियम सैल केला. आमच्याकडे कोयना अभयारण्य असल्यानं त्याची गावोगाव चर्चा झाली. पट्टा किती रुंद असावा यावर वाद होऊ शकतो. पण सुरुंगाचा हादरा, धूळ आणि आवाज रस्त्यानं वळसे घेत जात नाहीत, म्हणून ते अंतर सरळच मोजलं पाहिजे. जमिनीच्या मोजणीतही हेच. तेहतीस फुटी साखळी ओढायचे त्या काळी आणि आता भूकरमापक रोव्हर घेऊन येतात तेव्हाही, दोन खुणांमधली हद्द सरळ रेषेतच मोजतात. शेतकऱ्याच्या पोरानं खुणांचे निर्देशक घेऊन स्वतः हद्दीची लांबी पडताळली, तर सूत्राचा याहून चांगला उपयोग कुठला? फक्त फोनवरचे अक्षांश-रेखांश थेट सूत्रात टाकायचे नाहीत, हे त्याला सांगावं लागतं. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, पण आमच्या भागात एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०६. आधी दोन्ही फरक मीटरमध्ये आणायचे, मग वर्ग आणि वर्गमूळ.

तेव्हा प्रश्न साधा आहे: आपण अंतर कशासाठी मोजतो आहोत? धूर, आवाज, हद्द यांच्यासाठी असेल तर कर्ण मोजा. माणसाच्या पायांसाठी असेल तर वाट मोजा.

कायदा करणाऱ्यांना हे कळलेलं होतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याखाली केंद्रानं २०१० मध्ये केलेल्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर ही अंतरं ‘चालण्याची’ म्हणून दिली आहेत. एवढंच नाही, तर दुर्गम भाग, दरडी, पूर, रस्ता नसणं किंवा घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर लहान मुलांना धोका असणं, अशा ठिकाणी या मर्यादा कमी करून धोका टळेल अशा जागी शाळा द्यावी, असंही त्यांत म्हटलं आहे. जनरल क्लॉजेस ॲक्ट ज्याला ‘वेगळा हेतू’ म्हणतो तो इथे स्वच्छ लिहिलेला आहे. डोंगरातल्या मुलांसाठी यापेक्षा समंजस वाक्य मी सरकारी कागदात वाचलेलं नाही.

अडतं ते खाली उतरताना. राज्याच्या नियमांतही एक आणि तीन किलोमीटर आहेत, पण फायली, तक्ते आणि संगणकाच्या पडद्यावर पोहोचेपर्यंत ‘चालण्याचं’ हा शब्द गळतो आणि नुसता आकडा उरतो. खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव जागांच्या ऑनलाइन अर्जात पालक नकाशावर घराचा ठिपका ठेवतात. यंत्राला दोन ठिपके दिसतात, त्यांच्यामधला ओढा दिसत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं, एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या राखीव जागांतून सूट देणारा बदल केला. जुलैमध्ये उच्च न्यायालयानं तो रद्द केला. त्या बदलाच्या गुणदोषांवर पुष्कळ लिहिलं गेलं. एका किलोमीटरच्या वर्तुळावर किती मुलांचं नशीब टांगता येतं, हेही त्यातून दिसलं.

आमच्यासाठी याहून जवळचा विषय समूहशाळांचा आहे. २०२३ मध्ये शिक्षण विभागानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र आणण्याचे प्रस्ताव मागवले. कमी पटाच्या शाळा सगळ्यांत जास्त कुठे असणार? वाड्यावस्त्यांवर, म्हणजे जिथे कर्ण आणि वाट यांत सगळ्यांत मोठी तफावत आहे तिथे. मोठ्या शाळेत ग्रंथालय असतं, प्रयोगशाळा असते, खेळायला भिडू असतात, हे मला मान्य आहे. पण वाडीतली शाळा बंद करण्याचा प्रस्ताव तयार करणाऱ्यानं ‘जवळच्या शाळेचं अंतर’ या रकान्यात जो आकडा लिहिला, तो कसा मोजला हे त्यानं लिहिलंच पाहिजे. गाडीची सोय करू असं म्हटलं तर गाडी वाडीपर्यंत येते की फाट्यापर्यंत, आणि पावसाळ्यात फाट्यापर्यंतही येते का, हेही.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. ज्या सरकारी आदेशात किलोमीटर हा शब्द आहे, त्यात अंतर सरळ रेषेचं की चालण्याचं आणि कुठून कुठपर्यंत, हे एका ओळीत लिहावं. मुलांच्या शाळेचा प्रश्न असेल तिथे वाट प्रत्यक्ष चालून मोजावी, उन्हाळ्यात एकदा आणि भर पावसात एकदा. हे काम शाळा व्यवस्थापन समितीकडे द्यावं. कायद्यानं तिच्यातले निदान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि पालकांना वाट माहीत असते. चालताना वाटेची नोंद ठेवणारा फोन आता घरोघरी आहे. ती नोंद ग्रामसभेपुढे ठेवावी आणि ग्रामसभेनं मान्य केलेला आकडाच फाईलला लागावा. डोंगरी तालुक्यांसाठी कमी केलेली मर्यादा किती, हे जिल्ह्यानं लेखी जाहीर करावं. यात शिक्षकांवर नव्या कामाचा बोजा पडेल असं कुणी म्हणेल. आम्ही तऱ्हेतऱ्हेची माहिती भरत असतोच. त्यात मुलाच्या वाटेची माहिती भरणं मला तरी जड जाणार नाही.

आणि एक मागणी माझ्याच विषयाकडे. निर्देशक भूमितीच्या प्रकरणात एक पान वाढवा. त्यावर भास्कराचार्यांची दोन वानरं असू देत, काटकोनी गल्ल्यांचं गाव असू दे आणि मुलानं स्वतः चालून मोजलेल्या घर ते शाळा वाटेचं एक उदाहरण असू दे. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत दोन बिंदूंमधलं अंतर जरूर विचारा, पण त्याच्या खाली दोन गुणांचा आणखी एक प्रश्न घाला: दवाखाना, पाणवठा किंवा शाळा किती लांब आहे हे ठरवायला हे अंतर पुरेल का, कारणासह लिहा. ज्या मुलानं सोळाव्या वर्षी याचं उत्तर लिहिलं, ते पुढे तलाठी होवो, अभियंता होवो, गटशिक्षणाधिकारी होवो किंवा गावचा सरपंच होवो, आकड्याखाली सही करण्याआधी तो कसा मोजला हे विचारेल. सूत्र शिकवण्यामागे माझा हेतू तोच आहे.